पाव गुंठ्यातला संसार



भाताची मळणी आटोपली, कणगी भरली, की गावोगावच्या घरांत एक बोलणे निघते. शहरातला मुलगा सणाला आलेला असतो. रात्रीची जेवणे झाल्यावर तो म्हणतो, "आता तुम्ही दोघांनी इथे एकटं कशाला राहायचं? दिव्याला चला, आमच्यापाशी राहा." आईबाप एकमेकांकडे पाहतात. मुलाच्या बोलण्यात माया असते, म्हणून 'नाही' म्हणवत नाही. गुडघे कुरकुरू लागलेले असतात, म्हणून 'हो' म्हणणे भाग पडते. पण या एका 'हो'मध्ये काय काय येते, याचा विचार बसून कोणी करत नाही. तो आज करू.

दिवा म्हणजे ठाणे आणि कल्याण यांच्यामधले रेल्वेचे जंक्शन. येथून एक फाटा पनवेलकडे आणि पुढे कोकणात जातो, दुसरा वसईकडे. सावंतवाडी आणि रत्नागिरीच्या गाड्या दिव्याहून सुटत आलेल्या असल्यामुळे कोकणातल्या माणसाला हे स्टेशन आपल्या तालुक्याच्या एस. टी. स्टँडइतके ओळखीचे. मुंबईत किंवा ठाण्यात जागा घेणे ज्यांना परवडले नाही, अशा कितीतरी कुटुंबांनी येथे खोल्या घेतल्या. त्यांतल्या पुष्कळ घरांत आज गावाकडून आलेले म्हातारे आईवडील आहेत.

आता थोडा हिशेब करू. आपण जागा गुंठ्यात मोजतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. गावाकडचे साधे घर घेतले, तरी ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी, गोठा, अंगण आणि परसू मिळून दोनतीन गुंठे सहज होतात. शहरातली एक खोली आणि स्वयंपाकघर, म्हणजे ज्याला 'वन रूम किचन' म्हणतात ते, पावणेतीनशे चौरस फुटांच्या आसपास धरा. म्हणजे पाव गुंठा! या पाव गुंठ्यात मुलगा, सून, दोन नातवंडे आणि आता हे दोघे. आपल्याकडे एवढ्या जागेत आपण भाजीचे चार वाफे करतो.

पहिले आठदहा दिवस पाहुणचारात जातात. मग एकेक गोष्ट टोचू लागते. पहाटे चारला जाग येते, पण उठून करायचे काय? वैरण टाकायची नाही, शेण काढायचे नाही. दिवा लावावा तर नातवंडांची झोपमोड. खोकला आला तरी दाबायचा. पाणी ठरल्या वेळी येते. पाण्याची ओढ ही तर दिव्यातली जुनी तक्रार. संडासाला रांग नसली तरी सकाळी घाई असते, कारण मुलाची लोकल चुकली तर त्याचा दिवस बिघडतो. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, म्हणजे एकदा वर गेले की संध्याकाळपर्यंत खाली येणे नको वाटते. विडी-तंबाखूची पिशवी ठेवायला कोनाडा नाही आणि आलेल्या माणसाला 'बसा' म्हणायला ओटी नाही.

ही झाली वरवरची अडचण. आतली अडचण वेगळी आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे चूल सांभाळली, ती आता सुनेच्या स्वयंपाकघरात 'मीठ कुठे आहे' असे विचारते. ज्या माणसाने कोणत्या वाफ्यात कोणते बी टाकायचे, बैल कधी बदलायचा, लग्न कोठे जमवायचे हे ठरवले, तो चहाच्या वीस रुपयांसाठी मुलाकडे पाहतो. घरात कोणी वाईट वागत नाही. तरी दोघांनाही वाटत राहते, की आपण येथे पाहुणे आहोत आणि पाहुण्याने किती दिवस राहायचे याला काही मर्यादा असते.

हे गाव सोडून आल्यामुळे होते, असे कोणी म्हणेल. तर खुद्द दिव्यातल्या जुन्या माणसांकडे पाहावे. दिवा, दातिवली, साबे, आगासन, बेतवडे, म्हातार्डी ही मूळची आगरी-कोळ्यांची गावे. खाडीलगतची भातशेती आणि खाडीतली मासळी यांवर ती जगली. १९८२ साली ठाणे महापालिका स्थापन झाली. आज दिवा तिच्याच हद्दीत आहे. शेतांच्या जागी इमारती आल्या. म्हातार्डीला तर आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे ठाणे स्थानक व्हायचे आहे. येथल्या कित्येक म्हाताऱ्यांनी गाव सोडले नाही. गावच त्यांच्या पायाखालून सरकले. ज्या खळ्यावर भात झोडले, तेथे उभ्या राहिलेल्या इमारतीत ते राहतात. भाषा तीच, देऊळ तेच, भाऊबंद तेच. तरीसुद्धा खाली पारावर येऊन बसलेला म्हातारा तुम्हाला सांगेल, की वरच्या खोलीत जीव रमत नाही.

यावरून एक गोष्ट उमगते. घर लहान झाल्याचा त्रास चौरस फुटांचा थोडा असतो. हाताला काम नाही आणि शब्दाला वजन नाही, याचा जास्त असतो. जागा वाढवणे आपल्या हाती नाही. पण काम आणि शब्द या दोन गोष्टी राखणे बरेचसे आपल्या हाती आहे, आणि त्याची तयारी गाव सोडण्यापूर्वी करावी लागते.

भाताची लावणी आपण दरवर्षी करतो. एकवीस ते पंचवीस दिवसांचे रोप उपटून लावले, की ते आठवड्यात सावरते आणि फुटवे धरते. पाऊस लांबला आणि रोप राबात वयस्क झाले, तर आपण काय करतो? ते टाकून देत नाही. चुडात दोन रोपे जास्त धरतो आणि चूड जवळजवळ लावतो, कारण वयस्क रोपाला फुटवे कमी येतात. माणसाचेही तसेच समजा. तरुण मुलगा शहरात गेला, त्याला चार वर्षांत मित्र मिळाले, ओळखी झाल्या. सत्तरीच्या माणसाला नव्या मातीत तेवढे फुटवे येणार नाहीत. म्हणून त्याला एकटे लावू नये. सोबत द्यावी, आणि जमले तर मुळाशी थोडी जुनी मातीही राहू द्यावी.

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, एकदम जाऊ नये. पहिली दोन वर्षे हंगामी जावे. दिवाळीनंतर जाऊन शिमग्याला परतावे, किंवा मृगाच्या आधी घरी यावे. तेवढ्यात दोन्ही बाजूंना कळते, की कोठे काय टोचते. प्रवासाचा खर्च पूर्वीइतका जड नाही. राज्यात एस. टी.ने पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट लागत नाही, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्व बायकांना अर्धे तिकीट आहे. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे लक्षात ठेवून हिशेब करावा. रेशनकार्ड गावचे असले, तरी धान्य शहरातल्या रास्त भाव दुकानात अंगठा लावून मिळू शकते. त्यासाठी गावचे नाव कमी करण्याची घाई नको.

दुसरी गोष्ट, गावचे घर मोडीत काढू नये. बंद घर दोन पावसाळ्यांत खचते. कौले सरकतात, वाशांना वाळवी लागते. किल्ली भावकीतल्या किंवा शेजारच्या विश्वासू माणसाकडे द्यावी, महिन्यातून एकदा दारे-खिडक्या उघडून घर वारवायला सांगावे, आणि पावसाळ्याआधी शाकारणी करून घ्यावी. घरपट्टी भरत राहावी, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव राहते. परत जाता येईल असे घर पाठीशी असले, की शहरातली खोलीही फारशी लहान वाटत नाही.

तिसरी गोष्ट सामानाची. आपल्याकडे सामान शेवटच्या चार दिवसांत निकालात निघते. मुलाला रजा नसते, टेंपो दारात उभा असतो, आणि आजीच्या लग्नातले घंगाळ भंगारवाल्याच्या तराजूत जाते. आजी काही बोलत नाही, पण पुढे वर्षभर तेच घंगाळ मनात धरून बसते. म्हणून निदान सहा महिने आधी सुरुवात करावी. एका वेळी एकच जागा घ्यावी: आज माळा, पुढच्या आठवड्यात पडवी, मग गोठा. तीन ढीग करावेत. सोबत न्यायचे, घरात ठेवायचे आणि द्यायचे. 'द्यायचे' हा ढीग आपल्या हातांनी वाटावा. जाते लेकीला, मोठे पातेले वाडीतल्या सामाईक कार्याला, नांगर-जू ज्याच्या दावणीला अजून बैल आहेत त्याला. आपल्या हाताने दिलेली वस्तू दान होते. पाठीमागे विकली गेलेली वस्तू चोरीला गेल्यासारखी वाटते. भांड्यांचा निर्णय घरधनिणीने करावा, त्यात पुरुषांनी आणि मुलांनी तोंड घालू नये. सोबत न्यायला एखादी तरी आवडीची वस्तू असावी, मग ती कितीही जुनाट दिसो. पितळी तांब्या, अडकित्ता, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण यांना जागा फार लागत नाही.

जनावरांचे सर्वांत आधी पाहावे. गाय-बैल शेवटच्या दिवशी बाजारात नेणे माणसालाही सोसत नाही आणि भावही पडतो. ओळखीच्या दावणीला दोन महिने आधी द्यावे, म्हणजे अधूनमधून जाऊन पाठीवरून हात फिरवता येतो.

आणि बियाणे! आपल्या आयाबायांनी गाडग्यात राख घालून वालाचे, काकडीचे, दुधीचे, घेवड्याचे घरचे बी राखलेले असते. घर बंद झाले, की हे बी मरते आणि त्या वाडीतले ते वाण कायमचे जाऊ शकते. जाण्यापूर्वी ते दोनतीन घरांत वाटावे आणि कोणते कधी लावायचे हे सांगून जावे. पुढच्या वर्षी गेल्यावर त्यातलेच मूठभर मागून घ्यावे.

वर्षाचे तांदूळ एकदम शहरात नेऊ नयेत. पाव गुंठ्यात कणगीला जागा नाही, आणि कोंदट हवेत किडा-पोरकिडा लवकर लागतो. भात चांगले वाळवून गावीच ठेवावे, दोनतीन महिन्यांपुरते कांडून न्यावे, आणि ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. हिच्याकडे दुर्लक्ष केले तर बाकी सारे व्यर्थ. पुष्कळदा मुलाची खोली मोठी व्हावी म्हणून गावची जमीन विकण्याचा विचार निघतो. अशा वेळी भावना बाजूला ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, ज्या इमारतीत पैसा घालायचा ती अधिकृत आहे काय? दिवा, मुंब्रा, शीळ या पट्ट्यात परवानगीवाचून झालेली बांधकामे पुष्कळ आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली अशीच एक इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींना बनावट कागदांच्या आधारे महारेराचे क्रमांक मिळाल्याचे उघडकीस आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घरे घेणारी माणसे साधी नोकरदार होती. म्हणून बांधकामाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः महापालिकेच्या कार्यालयातून पडताळून घ्यावे. करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला हवा. नोटरीच्या शिक्क्यावर घर आपले होत नाही. पैसा आईवडिलांचा असेल, तर करारनाम्यात त्यांचेही नाव असावे. यात मुलावर अविश्वास नाही. बांध कोरून ठेवला तर भावाभावांत भांडण होत नाही, हे आपण जाणतोच.

दोन, सगळी जमीन विकू नये. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला सामान्यतः माणूस शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळकायद्यातली ती तरतूद आहे. शेवटचा तुकडा विकला, की पुढच्या पिढीला परत शेतीत येण्याचा रस्ता अवघड होतो. शिवाय सातबारावर नाव असले, की पीएम किसानचे वर्षाला सहा हजार पात्र शेतकऱ्याच्या स्वतःच्या खात्यात येत राहतात. शहरातल्या खोलीत स्वतःच्या खात्यातल्या दोन हजारांच्या हप्त्याची किंमत काय असते, हे ज्याच्या हाती तो येतो त्यालाच कळते.

तीन, हयातीत बक्षीसपत्र करून देणार असाल, तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याण कायद्याचे कलम २३ असे सांगते, की सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. त्यासाठी अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा असतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे, असे म्हटले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या हिताच्या दृष्टीने वाचावा, असे सांगितले. तरी अट लिहिलेली असली म्हणजे वादाला जागाच उरत नाही. याहून बरे म्हणजे मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि जिवंत असेतो सातबारा आपल्या नावावर ठेवावा.

पाचवी गोष्ट, पाव गुंठ्यात आल्यावर काय. येथे मुलगा-सुनेशी बोलणे आहे. "आता तुम्ही आराम करा," असे आईवडिलांना म्हणू नका. शेतकरी माणसाला आरामासारखी शिक्षा नाही. त्यांना एक काम नेमून द्या आणि ते त्यांचेच राहू द्या: भाजी निवडून आणणे, नातवाला शाळेत पोचवणे, पाणी भरण्याची वेळ सांभाळणे. एक कोपरा त्यांचा असू द्या. एक खुर्ची, एक खुंटी, एक फळी, आणि त्या फळीवरची वस्तू त्यांना विचारल्याशिवाय हलवू नये. घरातला निर्णय करताना आधी त्यांना विचारा. मत पटले नाही तरी ऐकून घ्या. महिन्याचे थोडे पैसे न मागता हातात ठेवा. खोली भाड्याने घ्यायची असेल तर तळमजला किंवा पहिला मजला पाहा, आणि न्हाणीघरात भिंतीला एक दांडी बसवा. म्हातारपणी घसरून मोडलेला खुब्याचा हाड पुन्हा पूर्वीसारखा क्वचितच होतो.

सासूबाईंनीही एक ध्यानात घ्यावे. सून पहाटे उठून डबे करते, गर्दीच्या लोकलला लोंबकळत कामाला जाते आणि रात्री आठला परतते. तो पाव गुंठा तिचाही आहे. तिच्या हातचे मीठ कमी पडले, तर आठवड्यातून एखाद्या वेळीच सांगावे. एक वेळचा स्वयंपाक सासूने, एक वेळचा सुनेने, असे ठरवून घेतले तर एका चुलीवर दोन बायका सुखाने नांदतात.

खिडकीत चारपाच तास ऊन येत असेल, तर थोडी शेतीही होते. तळाला भोके पाडलेले पाचसहा डबे घ्या. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, आणि तळाला विटांचे तुकडे. मिरची, ओवा, पुदिना, कढीपत्ता आणि तुळस एवढे सहज येते. पाण्याची टंचाई असेल तर तांदूळ धुतलेले पाणी घाला. पहिली माती गावाहून पिशवीत घेऊन या. रोज सकाळी उठून पाहायला काहीतरी वाढते आहे, याचा आधार मोठा असतो. डबे मात्र खिडकीच्या आत किंवा पक्क्या जाळीत ठेवा, खाली कोणाच्या डोक्यावर पडू नयेत.

आणि सोबत शोधावी. दिव्यात जिल्ह्याजिल्ह्याची माणसे आहेत. आपल्या तालुक्याची मंडळी कोठे जमतात, भजन कोणत्या देवळात होते, हे मुलाने आधी चौकशी करून ठेवावे आणि पहिल्या दोनचार वेळा स्वतः बरोबर जावे. वयस्क रोपाचा चूड दाट लावायचा तो असा.

एवढे करूनही एखाद्याचे मन लागत नाही. जेवण तुटते, झोप उडते, माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. पंधरा दिवस असे चालले, तर 'वयाचे आहे' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. आणि कधी कधी औषध एवढेच असते, की चार महिने गावी जाऊन यावे.

ज्या घरात हा विचार चालू आहे, त्यांनी यंदाच्या पेरणीपूर्वी सर्वांनी मिळून एकदा बसावे. मुलगा, सून, लेकी आणि दोघे म्हातारे. जायचे कधी, किती महिने, घराची किल्ली कोणाकडे, जमिनीचे काय आणि कोणती वस्तू कोणाला, हे पाच प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे ठरवावीत. बोलताना पहिला शब्द म्हाताऱ्यांचा असू द्यावा, कारण घर त्यांचे बदलणार आहे.